अकरांतली एक खुर्ची

टोलीडो, ओहायो

चि. छकुलीस,


ओहायोच्या कामगार नुकसानभरपाई ब्यूरोच्या संचालक मंडळावर ॲक्च्युअरीच्या (विमागणितज्ञाच्या) जागेसाठी तुझं नाव सुचवलं आहे, आणि होकार द्यावा की नाही या विचारात तू आहेस. तुझ्या आईला हा मोठा मान वाटतो, जावईबुवांना बिनफायद्याची डोकेदुखी. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. फोनवर मी भरकटतो आणि तू घाईत असतेस, म्हणून सावकाश लिहितो. जन्मभर लोकांचे हिशेब तपासले, तेव्हा सल्लाही त्याच चष्म्यातून आलेला असेल. गणित तुला माझ्याहून जास्त कळतं, त्यात मी पडत नाही.

ही संस्था इतर विमा कंपन्यांहून वेगळी का, ते आधी बघ. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मालकाला कामगारांचा अपघात विमा खासगी कंपनीकडून घेता येतो. ओहायो, वॉशिंग्टन, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग या चार राज्यांत मात्र तो राज्याच्या फंडातूनच घ्यावा लागतो. ओहायोत मोठ्या कंपन्यांना स्वतःची जोखीम स्वतः उचलायची परवानगी मिळू शकते, पण गॅरेजवाला, बेकरीवाला, दहा माणसांचा मशीन शॉप चालवणारा, यांना दुसरं दार नाही. १९११ चा इथला पहिला कायदा ऐच्छिक होता. १९१२ मध्ये राज्याच्या घटनेत दुरुस्ती झाली आणि १९१३ च्या कायद्याने सक्ती आली. या कायद्यासाठी राज्याच्या सिनेटमध्ये झटणारा विल्यम ग्रीन हा कोशॉक्टनचा, कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस. पुढे तो अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा अध्यक्ष झाला. कोलंबसला स्प्रिंग स्ट्रीटवर ब्यूरोची जी उंच इमारत आहे, तिला त्याचंच नाव आहे.

त्या वेळी झालेला सौदा सरळ होता. यंत्रात हात गेला तर चूक कोणाची हे न विचारता कामगाराला भरपाई मिळेल, आणि त्याबदल्यात कामगार मालकाला कोर्टात खेचणार नाही. काही अपवाद आहेत, पण गाभा हाच. म्हणजे मालकाला दुसरा विमा नाही आणि कामगाराला मालकावर खटला नाही. बाजारात गिऱ्हाईक निघून जाईल या भीतीने दुकानदार सुधारतो. इथे कोणालाच निघून जाता येत नाही. त्यामुळे निघून जाण्याची धमकी देऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम त्या मंडळावरच्या अकरा जणांनी करायचं असतं. तुझ्या जागेकडे मी असा बघतो. मानाचं पद वगैरे नंतर.

आणि ही खुर्ची लाजेतून जन्माला आलेली आहे, हेही विसरू नकोस. २००५ साली तू शिकत होतीस, त्यामुळे तुला पुसटच आठवत असेल. आमच्या टोलीडो भागातला टॉम नोई हा नाण्यांचा व्यापारी, रिपब्लिकन पक्षासाठी देणग्या गोळा करणारा, वरपर्यंत ऊठबस असलेला. नव्वदच्या दशकात ब्यूरोच्या गुंतवणुकीवरची जुनी बंधनं सैल झाली होती. १९९८ मध्ये ब्यूरोने नोईच्या दुर्मीळ नाण्यांच्या फंडात अडीच कोटी डॉलर घातले. हो, नाण्यांत. जखमी कामगारांच्या औषधपाण्याचे, विधवांच्या पेन्शनीचे पैसे जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत. २००० मध्ये ब्यूरोच्याच अंतर्गत लेखापरीक्षणात या व्यवहाराबद्दल शंका निघाली. आणि २००१ मध्ये काय झालं? त्याच माणसाला आणखी अडीच कोटी मिळाले.

छकुली, मी लेखापरीक्षक आहे. या साऱ्या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त राग येतो तो नोईचा नाही, तर २००० आणि २००१ या दोन सालांमधल्या त्या शांततेचा.

एप्रिल २००५ मध्ये आमच्या ‘टोलीडो ब्लेड’ने हे बाहेर काढलं. दोन सोन्याची नाणी टपालात गहाळ झाली होती, मग कळलं की शंभराहून जास्त नाण्यांचा पत्ता नाही. ब्यूरोचे प्रशासक पदावरून गेले. वित्तप्रमुखाने लाच घेतल्याचं कबूल केलं आणि तो तुरुंगात गेला. नोईला २००६ मध्ये दोषी ठरवून १८ वर्षांची शिक्षा झाली. गव्हर्नर बॉब टॅफ्ट यांनी गोल्फच्या फेऱ्या आणि इतर भेटी जाहीर केल्या नव्हत्या. त्यांच्यावर किरकोळ गुन्ह्याचे चार आरोप ठेवले गेले, त्यांनी ते लढवले नाहीत, आणि ४,००० डॉलर दंड भरला. पदावर असताना दोषी ठरलेले ओहायोचे ते पहिले गव्हर्नर.

नाण्यांची गोष्ट चटकदार म्हणून लोकांच्या लक्षात राहिली. पैशाच्या हिशेबात मोठा खड्डा दुसराच होता. बर्म्युडातल्या एका हेज फंडात ब्यूरोचे २१ कोटी ५० लाख डॉलर बुडाले. बुडाले २००४ मध्ये, लोकांना कळलं जून २००५ मध्ये, तेही नाण्यांमुळे पत्रकार फायली चाळायला लागले म्हणून.

तेव्हा देखरेख करणारं कोणी नव्हतं असं समजू नकोस. ओव्हरसाइट कमिशन होतं, प्रशासक होता, वित्त विभाग होता, लेखापरीक्षक होता. शंकासुद्धा कागदावर होती. तो कागद पुढ्यात ओढून “याचं पुढे काय झालं?” एवढं विचारणारं कोणी नव्हतं. का नव्हतं, यावर मी खूप विचार केला आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शेअर बाजार वर चालला होता, ब्यूरोची तिजोरी फुगलेली होती, मालकांना प्रीमियममध्ये घसघशीत सवलती मिळत होत्या. मालक खूश, म्हणून आमदार खूश, म्हणून गव्हर्नर खूश. अशा वेळी बैठकीत हात वर करणारा माणूस शुभकार्यात शिंकल्यासारखा दिसतो. तंगीच्या वर्षी सगळेच डोळ्यांत तेल घालून बघतात, तेव्हा तुझी फारशी गरज नाही. तुझी गरज भरभराटीच्या वर्षी आहे.

२००७ च्या कायद्याने जुना आयोग मोडला आणि हे अकरा जणांचं मंडळ केलं. कोणाकोणाला बसवलं ते बघ, म्हणजे कायदा करणाऱ्यांना नेमकं काय चावलं होतं ते कळेल. कामगारांचा एक आणि कामगार संघटनांचे दोन. मालकांचे तीन: एक स्वविमा असलेल्या कंपन्यांचा, एक राज्य फंडातल्या शंभराहून जास्त कामगारांच्या मालकांचा, एक शंभराहून कमी कामगारांच्या मालकांचा. मग गुंतवणूक जाणणारे दोन, एक सनदी लेखापाल, एक ॲक्च्युअरी आणि एक सामान्य जनतेचा. नामांकन समिती नावं पाठवते, गव्हर्नर त्यांतून निवडतो, सिनेट संमती देतं, मुदत तीन वर्षं. लेखापरीक्षण, ॲक्च्युअरी आणि गुंतवणूक अशा तीन समित्या कायद्यानेच सांगितल्या आहेत. शिवाय ब्यूरोसाठी वेगळे उपमहानिरीक्षक नेमले. गुंतवणूक धोरणात काय चालणार नाही याची यादीही कायद्यात घातली: नाणी, चित्रं, दागिने, टपालतिकिटं, पुराणवस्तू आणि घोडे. घोडे वाचून मी हसलो होतो. पण जो कायदा घोड्यांपर्यंत पोचतो, त्याला आपल्या माणसांच्या शहाणपणाची खात्री उरलेली नसते.

आता तुझ्या हातात काय आहे आणि काय नाही. प्रशासकाची नेमणूक गव्हर्नर करतो, आणि गव्हर्नरची मर्जी असेतो तो राहतो. मंडळाला त्याला नेमता येत नाही की काढता येत नाही. खासगी कंपनीत बोर्डाचं सगळ्यांत मोठं हत्यार सीईओला घरी पाठवण्याचं. ते तुझ्यापाशी नाही. तुझ्यापाशी आहे प्रीमियमच्या दरांना, नियमांना, गुंतवणूक धोरणाला होकार किंवा नकार, आणि प्रश्न. हे कमी वाटेल. मला तसं वाटत नाही. नकाराला बहुमत लागतं. प्रश्नाला लागत नाही. बैठका लोकांसाठी खुल्या असतात आणि प्रश्न इतिवृत्तात जातो. पाच वर्षांनी एखादा पत्रकार किंवा वकील तो शोधत येतो.

एक गोष्ट मात्र तुझ्या अखत्यारीत मुळीच येत नाही: अमक्या कामगाराचा क्लेम मंजूर करायचा की नाही. त्यावरचे वाद इंडस्ट्रियल कमिशनपुढे जातात. ती वेगळी संस्था, तिचे तीन सदस्य: एक कामगारांच्या बाजूचा, एक मालकांच्या, एक जनतेचा. खाली जिल्हा पातळीवरचा हिअरिंग ऑफिसर, त्यावर स्टाफ हिअरिंग ऑफिसर, मग कमिशन, मग कोर्ट. ही उतरंड मुद्दाम ब्यूरोपासून दूर ठेवलेली आहे. जो पैसे देतो त्यानेच वाद मिटवू नये म्हणून. पण आपली माणसं हे मानणार नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणीतरी बाजूला घेऊन म्हणेल, “ताई, आमच्या साडूच्या पाठीचा क्लेम अडकलाय, एक फोन करा ना.” तो फोन करायचा नाही. साडूला वकील गाठून दे, नियम समजावून सांग, आमटी-भात खाऊ घाल. फोन नाही.

तुझ्या खुर्चीचं खास काम आकड्यांचं, आणि ते का महत्त्वाचं ते सांगायला मला नाण्यांपेक्षा दुसरं प्रकरण जास्त उपयोगी वाटतं. ते कमी गाजलं, कारण त्यात खलनायक नव्हता. ब्यूरोत गट-दर नावाची पद्धत होती. छोटे मालक एकत्र येऊन गट करायचे आणि गटाचा अपघातांचा इतिहास चांगला असला की प्रीमियममध्ये भरघोस सूट मिळायची. एके काळी ही सूट नव्वद टक्क्यांच्याही वर जायची. गटात एखाद्याकडे मोठा अपघात झाला की पुढच्या वर्षी त्याला गटाबाहेर काढायचं, गट पुन्हा स्वच्छ. सूट मिळणाऱ्यांकडून त्यांच्या जोखमीइतके पैसे येत नव्हते, म्हणून तूट भरून निघाली गटाबाहेरच्या मालकांच्या वाढीव दरांतून. प्रकरण क्लीव्हलंडच्या कोर्टात गेलं. ब्यूरोच्या सल्लागार ॲक्च्युअरींनी ही विषमता आधीच दाखवून दिली होती, हे तिथे पुढे आलं. कोर्टाने आधी ८५ कोटी ९० लाख डॉलरचा निकाल दिला, आणि शेवटी २०१४ मध्ये ४२ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

इथे कोणी नाणी पळवली नाहीत. ॲक्च्युअरी बरोबर बोलत होते. पण सूट मिळणारे संघटित होते, आवाज करणारे होते. जास्त भरणारे विखुरलेले होते आणि आपण जास्त भरतो हे त्यांना माहीतही नव्हतं. म्हणून दरांचा ठराव समोर आला की सरासरी किती टक्क्यांनी उतरली एवढ्यावर थांबू नकोस. सरासरीच्या खाली कोण, वर कोण, आणि वरच्यांतलं या खोलीत कोणी बसलं आहे का, ते विचार. लेखी उत्तर माग. कर्मचाऱ्यांना हा छळ वाटेल. वाटू दे, चार महिन्यांत ते तक्ता आधीच तयार ठेवायला लागतील.

राखीव तरतुदीबद्दल तुला मी काय सांगणार? तरी एक सांगतोच. पंचविशीत छपरावरून पडून कायमचा अपंग झालेला मुलगा पुढे साठ वर्षं जगू शकतो. त्याच्या औषधांचा खर्च कोणत्या दराने वाढेल आणि राखीव पैसा कोणत्या दराने वाढेल, ही दोन गृहीतकं अहवालाच्या मागच्या पानांवर लहान अक्षरांत असतात. त्यांत अर्ध्या टक्क्याचा फरक केला की तिजोरीत पैसा ‘उगवतो’. गृहीतक बदललं त्याच वर्षी जादा शिल्लक जाहीर झाली, तर दोन्हींच्या तारखा शेजारी शेजारी मांडून बघ.

कारण शिल्लक जाहीर झाली की पुढची पायरी डिव्हिडंडची. २०२० मध्ये कोविडच्या काळात ब्यूरोने मालकांना तीन हप्त्यांत मिळून आठ अब्ज डॉलरच्या आसपास परत दिले. डिसेंबरचा हप्ता एकटाच पाच अब्जांचा होता. त्या वर्षी अनेक छोटी दुकानं त्या चेकवर तगली, आणि मी त्या निर्णयाला नावं ठेवणार नाही. पण पद्धत ध्यानात घे. घोषणा बहुधा गव्हर्नरच्या तोंडून होते आणि ठराव मंडळाकडे येतो. घोषणा होऊन गेल्यावर विरोधात मत देणं म्हणजे राज्यातल्या हजारो दुकानदारांच्या हातातला चेक ओढून घेणं. म्हणून प्रश्न आधीच्या तिमाहीत विचारायचे, घोषणेच्या आधी. शिल्लक किती ठेवायची याचं धोरण लेखी आहे का? ती त्या धोरणातल्या मर्यादेच्या वर नेमकी किती आहे? बाजार तीस टक्के पडला तर काय? आणि एक प्रश्न जो कोणीच विचारत नाही: ही शिल्लक क्लेम नाकारल्याने किंवा लांबवल्याने वाढलेली नाही ना? भरपाईचे दर कायद्याने ठरतात, ते मंडळाच्या हातात नाहीत, हे मला माहीत आहे. पण मंजुरीला लागणारा वेळ, नकारांचं प्रमाण, त्यांतले हिअरिंगमध्ये उलटलेले किती, हे आकडे मागायला कोणाची परवानगी लागत नाही. नाहीतर जखम मांडीला आणि मलम शेंडीला अशी गत व्हायची.

आकडे नीट बघितले की चांगलंही होतं. २०११ मध्ये ब्यूरोने स्वतःची औषधांची बिलं तपासली, तेव्हा आठ हजारांहून जास्त जखमी कामगार अफूजन्य वेदनाशामकांवर अवलंबून असल्याचं दिसलं. कंबर दुखते म्हणून आलेला माणूस व्यसनात अडकत होता आणि बिल फंड भरत होता. मग औषधांच्या मंजुरीची शिस्त बदलली, २०१६ मध्ये लिहून देणाऱ्या डॉक्टरांसाठी नियम आले, आणि ती संख्या निम्म्याहून खाली गेली. कोणीतरी बिलांच्या ढिगाकडे कुतूहलाने पाहिलं, एवढंच.

तुझी आई विचारत होती, भारतात हे कसं असतं. तिथे नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये, म्हणजे ओहायोच्या सक्तीनंतर दहा वर्षांनी आला. कामगार विम्याचा कायदा १९४८ मध्ये आला. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) महामंडळाचे अध्यक्ष खुद्द केंद्रीय कामगारमंत्री. सदस्यांत राज्यं, मालक, कामगार, डॉक्टर, खासदार असे सगळे. प्रतिनिधित्वाला उत्तम, पण पन्नासाहून जास्त माणसांच्या सभेत, मंत्री अध्यक्षस्थानी असताना, तळटिपेवर बोट कोण ठेवणार? अकरा हा आकडा मला त्या मानाने बरा वाटतो. कामगार विम्याच्या दवाखान्यात रांगेत उभ्या राहणाऱ्याला या दोन्हींचा पत्ता नसतो, ही गोष्ट वेगळी.

आता व्यवहाराचं. होकार देण्याआधी तुझ्या फर्मचे ग्राहक तपास. त्यांत स्वविमा असलेल्या कंपन्या किंवा ब्यूरोचे सल्लागार असतील, तर आधी लेखी कळव आणि कोणत्या ठरावांना बाहेर बसायचं ते ठरवून घे. ७५ डॉलरच्या वरची भेट जाहीर करावी लागते; टॅफ्ट त्यातच अडकले. मी तर म्हणेन, कॉफीचे पैसेही स्वतः दे. प्रशासकाशी वैर धरू नकोस, मैत्रीही नको. अंतर्गत लेखापरीक्षणाच्या प्रमुखाला मात्र महिन्यातून एकदा भेट, इतर अधिकारी खोलीत नसताना. त्याच्याकडून उरलेल्या मुद्द्यांची यादी घेत जा: मुद्दा कधी निघाला, कोणाच्या टेबलावर आहे, मुदत कितीदा वाढली. तिसरी मुदतवाढ दिसली की बैठकीत वाचून दाखव.

बैठकीआधी येणारा गठ्ठा जाडजूड असेल. तो मागून पुढे वाच; परिशिष्टं आधी, पहिल्या पानावरचा सारांश शेवटी. सारांश लिहिणारे लोक वाईट नसतात, पण त्यांना तुझा वेळ वाचवायचा असतो, आणि तुला तो वाचवायचा नाहीये.

जावईबुवांना सांग, डोकेदुखी आहे हे खरं, पण तीन वर्षांची आहे. नामांकन समितीने मुलाखतीला बोलावलं तर गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं वाचूनच जा. वाचताना दरांच्या ठरावावर कोणी वेगळं मत दिलेलं दिसलं तर तेवढं पान मला पाठव; मला बघायचं आहे. आईला नमस्कार, मुलांना पापा. दिवाळीच्या फराळाची यादी मामीने वेगळी पाठवली आहे.

तुझा,
मामा